स्वातंत्र्याची टाकी

कॅम्परव्हॅनच्या जाहिरातीत कधीही पाऊस पडत नाही. गाडीचं मागचं दार उघडं असतं, दारातून लॅव्हेंडरचं जांभळं शेत दिसतं आणि पांढऱ्याशुभ्र चादरीवर बसलेली एक तरुणी दोन्ही हातांत कॉफीचा मग धरून क्षितिजाकडे बघत असते. खाली एकच शब्द लिहिलेला असतो : स्वातंत्र्य. त्या तरुणीने आंघोळीचं पाणी कुठून आणलं, आंघोळ झाल्यावर ते कुठे सोडलं आणि गाडीतल्या संडासाची पेटी आज रिकामी करायची पाळी कोणाची, असले प्रश्न जाहिरातीत येत नाहीत. शिवाय लॅव्हेंडर फुलतं ते जूनच्या मध्यापासून फार तर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. जानेवारीत त्या शेतात करड्या खुंटांच्या रांगा असतात, आणि मागचं दार उघडलंच तर आत येते ती फक्त थंडी.

आम्ही फ्रान्सला जानेवारीत गेलो, कारण जानेवारीत गाडीचं भाडं परवडतं. जुलै-ऑगस्टात अख्खं फ्रान्स एकदम सुट्टीवर निघतं. रस्त्यांची मग अशी दैना होते की तिथलं सरकार १९७६ पासून त्यासाठी एक वेगळी सेवाच चालवतं आहे. ‘बिझों फ्युते’ तिचं नाव. कोणत्या दिवशी कोणत्या दिशेला किती गर्दी होणार हे ती रंगांत सांगते : हिरवा, नारिंगी, लाल आणि सगळ्यांत वाईट तो काळा. ऑगस्टच्या सुरुवातीचा शनिवार बहुधा काळाच असतो. जानेवारीत जवळजवळ सगळे दिवस हिरवे. रस्ते मोकळे, वाहनतळ मोकळे, देखावे मोकळे. हे सगळं मोकळं का आहे हा विचार मनात यायला पहिलं गाव यावं लागतं. तिथे हॉटेलाच्या दारावर ‘वार्षिक सुट्टी’ची पाटी असते आणि पाटीवरची तारीख फेब्रुवारीतली असते.

या प्रवासाची कल्पना आमच्या ह्यांची. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. दुसऱ्यांच्या शेतापर्यंत पाणी पोचवण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला स्वतःच्या साठवण टाकीचं केवढं आकर्षण असतं, हे मला तेव्हा कळलं. गाडी ठरवताना त्यांनी गादीची जाडी विचारली नाही, टाकीची धारणक्षमता विचारली. शंभर लिटर. “दोन माणसांना दोन दिवस,” ते समाधानाने म्हणाले. खरी अडचण आली ती व्हिसाच्या अर्जात. तिथे रोजच्या मुक्कामाचा पत्ता लागतो आणि ‘गाडी’ हा पत्ता होत नाही.

गाडी फियाट दुकातो. युरोपात दिसणाऱ्या बऱ्याचशा कॅम्परव्हॅन हिच्याच सांगाड्यावर उभ्या असतात. साध्या परवान्यावर चालवायची तर गाडी सामानासकट साडेतीन टनांच्या आत हवी. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की माणूस लोणच्याच्या बरणीकडे संशयाने बघू लागतो. त्यातून डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर किंवा साखळ्या जवळ ठेवण्याची सक्ती आहे. २०२१ पासूनचा हा नियम. कुकर आणि साखळ्या यांत साखळ्या जिंकल्या. उंचीची गंमत आणखी वेगळी. फ्रान्समध्ये जिथे म्हणून नदीकाठी, सावलीला, बाजाराजवळ छान वाहनतळ असेल, तिथे प्रवेशद्वारावर दोन मीटर उंचीचा आडवा दांडा असतो. तो खास आमच्यासारख्यांसाठी लावलेला असतो. टोलनाक्यावरही दोन मीटरपेक्षा उंच गाडीला वरच्या वर्गाचा दर. एकूण, स्वातंत्र्याची उंची पावणेतीन मीटर असली की ते पुष्कळ ठिकाणी आत शिरत नाही.

म्हणून मग टोलचा रस्ता सोडून गावागावांतून जायचं. २०१८ साली सरकारने अशा दुपदरी रस्त्यांची वेगमर्यादा ९० वरून ८० वर आणली. त्यावर इतका आरडाओरडा झाला की पुढे काही जिल्ह्यांनी आपापल्या रस्त्यांवर ती पुन्हा ९० केली. त्यामुळे जिल्हा बदलला की वेग बदलू शकतो. गावात शिरलं की दुसरा नियम : वेगळी पाटी नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपण मुख्य रस्त्यावर असलो तरी. उजव्या गल्लीतून ट्रॅक्टर येतो. त्याचा चालक आपल्याकडे बघतसुद्धा नाही, कारण बघायची गरज नाही हे त्याला शाळेपासून ठाऊक असतं.

गाडी ताब्यात देताना भाड्यावाल्या बाईंनी गॅसवर एक व्याख्यान दिलं. सिलिंडर ब्युटेनचा असला तर शून्य अंशाच्या आसपास तो वायू व्हायचंच नाकारतो. आत द्रव डुचमळत असतो, बाहेर शेगडी थंड. प्रोपेन उणे चाळीसपर्यंत दगा देत नाही. म्हणून हिवाळ्यात प्रोपेनच घ्यायचा. आपल्या घरच्या सिलिंडरात दोघांचं मिश्रण असतं, त्यामुळे यांच्यातली भांडणं आपल्या कानांवर यायचं कारण नाही. मी सगळं वहीत लिहून घेतलं. ह्यांनी फक्त नळाच्या जोडण्यांबद्दल विचारलं. बाईंनी पितळी आणि प्लॅस्टिकच्या तोट्यांनी भरलेली एक पिशवी त्यांच्या हातात दिली आणि ह्यांचा चेहरा उजळला.

आता त्या पिशवीचं महत्त्व सांगायला हवं. फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० कम्यून आहेत. कम्यून म्हणजे गावाचा कारभार, त्याला स्वतंत्र महापौर आणि स्वतंत्र कचेरी, मग गावात शंभर डोकी का असेनात. यांतल्या कितीतरी गावांनी कॅम्परव्हॅनसाठी तळ राखून ठेवले आहेत. कुठे चर्चमागे, कुठे फुटबॉलच्या मैदानाशेजारी, कुठे स्मशानाला लागून. तळावर एक खांब उभा असतो. एका बाजूने पिण्याचं पाणी भरायचं, खालच्या जाळीत भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी सोडायचं आणि मागच्या झाकणाखाली संडासाची पेटी रिकामी करायची. या पेटीला चाकं आणि ओढायचा दांडा असतो. सकाळी दुरून बघणाऱ्याला वाटावं, साहेब विमान पकडायला निघाले. तिथे भेटणारी माणसं एकमेकांना अगदी अगत्याने ‘बोंजूर’ म्हणतात आणि एकमेकांच्या सामानाकडे बघत नाहीत. फ्रेंच सभ्यतेबद्दल पुष्कळ ऐकलं होतं. ती मला पहिल्यांदा दिसली ती इथे.

या तळांवर रात्र काढायला बहुधा फुकट, निदान स्वस्त. अट एकच. गाडीत झोपलात तर ते पार्किंग. गाडीबाहेर खुर्ची मांडलीत, छत उघडलंत तर ते कॅम्पिंग, आणि कॅम्पिंगला मनाई. उन्हाळ्यात यावरून वाद होत असणार. जानेवारीत हा नियम मोडायचा मोह होत नाही.

पाण्यासाठी मात्र खांबात टोकन टाकावं लागतं. टोकन मिळतं गावच्या बेकरीत. आम्ही लॉत जिल्ह्यातल्या एका गावात पोचलो तेव्हा टाकीचा काटा तळाला टेकला होता आणि वार होता सोमवार. सोमवारी बेकरी बंद. म्हणजे पाणी हवं तर टोकन हवं, टोकन हवं तर बेकरी हवी आणि बेकरी हवी तर मंगळवार हवा. मंगळवारी बेकरी उघडली, टोकन मिळालं, खांबात टाकलं. खांब खाकरला, गप्प झाला. वर एक कागद चिकटवलेला होता. पावसाने निम्मा धुतला गेला असला तरी मुद्दा वाचता येत होता : गोठण्याच्या भीतीने पाणी बंद, मार्चअखेरपर्यंत.

कचेरी मंगळवारी आणि शुक्रवारी, नऊ ते बारा. आत एक बाई टेबलाशी बसल्या होत्या. छोट्या गावात या सेक्रेटरीबाई म्हणजेच सरकार : जन्म-मृत्यू नोंदी, बांधकामाचे परवाने, हरवलेली कुत्री, सगळं त्यांच्याकडे. आत शिरल्यावर आधी बोंजूर, मग त्यांचं बोंजूर, मग एक क्षण शांतता आणि मग कामाचं. हा क्रम चुकवून थेट कामाला हात घालणाऱ्याचं काम होत नाही, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक असतं. बाईंनी आमची हकीकत डोकं हलवत ऐकली आणि म्हणाल्या, उन्हाळ्यात या, पाणी असतं. ह्यांनी हातवारे करून सांगितलं की तहान आत्ता लागली आहे. बाईंनी फोन उचलला.

दहा मिनिटांत एक छोटी पांढरी व्हॅन आली. त्यातून निळा कोट घातलेला गावचा कामगार उतरला. त्याच्या हातात छातीइतकी उंच लोखंडी चावी होती, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. कचेरीमागच्या गोदामाशी त्याने बुटाने पालापाचोळा बाजूला केला, तेव्हा जमिनीत बिडाचं झाकण दिसलं. ते गारठून बसलं होतं. त्याने चावीच्या टोकाने दोन ठोके दिले, झाकण उचकटलं, चावी आत सोडली आणि दोन्ही हातांनी फिरवली. भिंतीवरचा नळ आधी हवा सोडत राहिला, मग गढूळ, मग स्वच्छ. आमचा पाइप मात्र त्या नळाला बसेना. तिथे नळांचे आटे दोन मापांचे, वीस-सत्तावीस आणि सव्वीस-चौतीस, आणि नळ नेहमी आपल्याजवळ नसलेल्या मापाचाच निघतो. ह्यांनी पिशवी उघडली. एक जोडणी काढली, नळाला लावून पाहिली, डोकं हलवलं, दुसरी काढली, फिरवली, बसली. थेंब गळला नाही. कामगाराने वाकून बघितलं आणि आदराने ओठ दुमडले. त्यानंतर अर्धा तास ते दोघे बोलत होते. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला फ्रेंच. बोटांनी पाइपाचा व्यास झाला, हातांनी जमिनीतली खोली झाली, एका दगडाने मातीत अख्ख्या गावाच्या जलवाहिनीचा नकाशा निघाला. मी गाडीत बसून टाकीचा काटा चढताना पाहत होते. निघताना ह्यांनी पाकीट काढलं, तर त्याने ते हातानेच परत खिशाकडे ढकललं.

“चांगला माणूस,” हे म्हणाले. “पण मुख्य वाहिनी फार वर टाकली आहे.”

दुकानं बंद असण्याचं आम्हा पुणेकरांना खरं तर नवल वाटू नये. दुपारी एक ते चार या वेळेवर आम्ही लहानाचे मोठे झालो. पण फरक आहे. पुण्यात दुकानदार बंद करतो आणि गिऱ्हाईक चिडतं. तिथे बारा वाजता दोघंही बंद करतात. दुकानदार जेवायला बसतो तेव्हा गिऱ्हाईकही आपल्या घरी जेवायला बसलेलं असतं, आणि बंद दारासमोर उभा राहायला फक्त परदेशी माणूस उरतो. दोन वाजता दोघं परत येतात. रविवारी दुपारनंतर येतच नाहीत. बेकरीवाल्याची साप्ताहिक सुट्टी तर अनेक जिल्ह्यांत सरकारी हुकमाने पाळावी लागते. ओब जिल्ह्यातल्या एका बेकरीवाल्याने २०१७ च्या उन्हाळ्यात आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडं ठेवलं, तर त्याला ३,००० युरोंचा दंड झाला. फार काम केल्याबद्दल दंड! आमच्या ह्यांना ही बातमी कळल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. इतक्या वर्षांच्या सरकारी नोकरीत आपण कायदा काटेकोर पाळला, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बेकरी बंद असली तरी पाव मिळू शकतो. पुष्कळ गावांत पावाचं यंत्र असतं. नाणं टाकलं की आतून लांबलचक पाव, म्हणजे ‘बागेत’, सरकत येतो. ज्या देशाने १९९३ मध्ये पारंपरिक बागेतमध्ये पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांच्याखेरीज बाहेरची भेसळ चालणार नाही असा फर्मानवजा कायदा केला आणि २०२२ मध्ये युनेस्कोकडून या पावाच्या कलेला मानवजातीचा वारसा ठरवून घेतलं, त्या देशात तो पाव सोमवारी बसथांब्याशेजारच्या लोखंडी कपाटातून घ्यावा लागतो. मानवजात रांगेत उभी असते. जानेवारीत रांग म्हणजे मी आणि एक आजोबा.

सगळंच बंद असतं असंही नाही. एके दिवशी आम्ही कुठेच माणूस दिसेना म्हणून खट्टू होऊन चाललो होतो. बाराला पाच मिनिटं असताना एका फाट्यावर पन्नासेक ट्रक, व्हॅन आणि ट्रॅक्टर उभे दिसले. वर लाल-निळी गोल पाटी : ‘ले रुतिए’. ट्रकवाल्यांसाठी १९३४ पासून चालत आलेली ही खाणावळींची साखळी. आत गावातली सगळी माणसं होती. प्लंबर, सुतार, पोस्टमन, रस्त्याचे कामगार, सगळे निळ्या-नारिंगी कपड्यांत, सगळे एकाच वेळी जेवत होते. ठरलेलं जेवण, ठरलेला दर, वाइनची सुरई टेबलावरच. आधी थंड पदार्थांच्या टेबलावरून हवं तेवढं वाढून घ्यायचं : किसलेलं गाजर, बीट, मसूर, उकडलेली अंडी. आमचे हे शाकाहारी आहेत. त्या टेबलापुढे ते जरा भावुक झाले.

त्यांचं भावुक होणं समजून घ्यायला हवं, कारण हा बदकांचा मुलुख आहे. दॉर्दोन्य आणि लॉतच्या पट्ट्यात ‘मांस नको’ म्हटलं की माणसं सहानुभूतीने सॅलड पुढे करतात, आणि त्या सॅलडात बदकाच्या जठराचे तुकडे असतात. मग बटाटे मागावेत. सार्ला गावच्या नावाने ओळखले जाणारे बटाटे दिसायला निष्पाप, लसणाचा खमंग वास, पण परतलेले बदकाच्या चरबीत. बदक तिथे पदार्थ नाही, तेल आहे. शेवटी चीज आणि अक्रोड यांवर भागवावं लागतं. आणि खरं सांगायचं तर चीज आणि अक्रोड यांवर भागवणं ही काही शिक्षा नव्हे.

अक्रोड आम्हाला भरपूर मिळाले, कारण आम्ही एका शेतावर मुक्काम केला. १९९३ पासून ‘फ्रान्स पासियाँ’ नावाची एक योजना चालते. वर्षाची वर्गणी भरली की द्राक्षमळेवाले, चीजवाले, मधवाले आपल्या अंगणात चोवीस तास गाडी फुकट लावू देतात. त्यांच्याकडून काही विकत घ्यायची सक्ती नाही. मध्यमवर्गीय माणसाला सक्ती नसली की जास्त घ्यावं लागतं. उन्हाळ्यात शेतकऱ्याला बोलायला वेळ नसतो. जानेवारीत असतो, आणि बायकोला तर त्याहून जास्त असतो. त्यांनी अक्रोडाचं तेल चाखायला दिलं, मग भाजलेलं तेल, मग न भाजलेलं, मग वाटी पुसायला पाव. निघताना गाडी साडेतीन टनांच्या किती जवळ गेली हे आम्ही मोजलं नाही.

बंद असण्याच्या बाबतीत मात्र त्या भागात लास्कोच्या गुहेचा हात कोणी धरणार नाही. १९४० च्या सप्टेंबरात ती सापडली. आतली चित्रं पाहायला झुंबड उडाली आणि माणसांच्या नुसत्या श्वासाने, त्यातल्या ओलाव्याने आणि कार्बन डायऑक्साइडने भिंती बिघडायला लागल्या. १९६३ साली गुहा लोकांसाठी बंद झाली ती झालीच. आता बाहेर तिची हुबेहूब नक्कल आहे, सगळ्यांत अलीकडची २०१६ सालची. ही गोष्ट ऐकताना बाकीचे प्रवासी हळहळत होते. आम्हाला ती लगेच पटली. दोन माणसांच्या श्वासाने काय होतं हे आम्ही रोज सकाळी गाडीत बघत होतो. काचांवरून पाण्याचे ओघळ, उशीच्या कडेला ओल, कपाटाच्या कोपऱ्यात काळपट बुरशी. हजारो वर्षं टिकलेले बैल जिथे टिकले नाहीत, तिथे भाड्याच्या गाडीचं प्लायवुड काय टिकणार? मी रात्री खिडकी बोटभर उघडी ठेवू लागले. हे म्हणाले, “बाष्पीभवनाचा तोटा सोसावाच लागतो.”

बोटभर उघड्या खिडकीतून घंटा आत येते. तळ बहुधा चर्चजवळ असतो आणि चर्चला घड्याळ असतं. पुष्कळ गावांत ते तास दोनदा वाजवतं, पहिल्या वेळी मोजायचं राहिलं तर दुसऱ्यांदा मोजता यावं म्हणून. रात्री बारा वाजता चोवीस ठोके पडतात. तक्रार करायची सोय नाही. ओलेरों बेटावर ‘मोरिस’ नावाचा एक कोंबडा होता. पहाटे आरवतो म्हणून सुट्टीत येऊन राहणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याच्या मालकिणीवर दावा ठोकला. २०१९ मध्ये कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये संसदेने कायदाच केला, की खेड्यातले आवाज आणि वास हेही त्या प्रदेशाच्या वारशाचा भाग आहेत. म्हणजे आम्ही झोपमोड सोसत नव्हतो, वारसा ऐकत होतो. पहाट मात्र कोंबड्यालाही लवकर सापडत नाही. फ्रान्सचं घड्याळ सूर्यापेक्षा पुढे आहे आणि त्या पश्चिमेकडच्या भागात जानेवारीत साडेआठच्या आसपास कुठे उजाडतं.

उजाडल्यावर फिरायला निघावं, तर रविवारी जंगलाच्या वाटेवर ‘शिकार सुरू आहे’ची पाटी. शिकारीचा सर्वसाधारण हंगाम सप्टेंबरापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. झाडांमागून नारिंगी जाकीट घातलेली माणसं बंदुका घेऊन हिंडत असतात. आपण डुक्कर नाही हे दुरून कळावं म्हणून बाकीच्यांनीही भडक नारिंगी काहीतरी घालायचं असतं. माझ्याजवळ वारीतून आणलेला भगवा पंचा होता. तो डोक्याला गुंडाळला आणि निर्धास्त हिंडले. एका शिकाऱ्याने आदराने टोपी काढली. धर्माचा प्रसार कुठून कसा होईल सांगता येत नाही.

आणि मग आला लाल्बांकचा मंगळवार. हिवाळ्यात दर मंगळवारी दुपारी या छोट्या गावाच्या मुख्य रस्त्यावर काळ्या ट्रफलचा बाजार भरतो. ट्रफल म्हणजे ओकच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारं बुरशीवर्गातलं फळ. ते हिवाळ्यातच पिकतं, उन्हाळी पर्यटकांच्या नशिबात ते ताजं नसतं. रस्त्याच्या कडेने लांब बाकं मांडलेली. बाकांवर टोपल्या, टोपल्यांत चौकड्यांचं फडकं आणि फडक्यात मातकट काळे गोळे, काही बोराएवढे, काही लिंबाएवढे. बाकांपलीकडे विक्रेते, बहुतेक म्हातारे, हात खिशात. अलीकडे दोरी, आणि दोरीच्या अलीकडे गिऱ्हाईक. वेळ होईपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही. वास मात्र बोलत असतो. ओल्या मातीचा, लसणाचा आणि गॅस गळतोय की काय अशी शंका यावी असा. ह्यांनी खरंच एकदा मागे वळून गाडीच्या दिशेने पाहिलं.

दोरी पडली. माणसं पुढे सरकली, टोपल्यांवर वाकली, कानांत कुजबुजली. इथे निवडून घेता येत नाही, अख्खी टोपली घ्यायची. किलोचा भाव शेकड्यांत, युरोंमध्ये. मी एका आजीबाईंच्या टोपलीवर वाकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या बागेतकडे पाहिलं आणि किंमत न सांगताच हसल्या. थोड्या वेळात बाकं रिकामी झाली, हॉटेलवाले आणि दलाल गाड्यांच्या डिक्क्यांशी वजनकाटे लावून बसले आणि रस्ता पुन्हा गावाचा झाला. यातला कोणताही भाग आमच्यासाठी नव्हता. कोणी फोटोसाठी थांबलं नाही, कोणी नमुना दिला नाही, कोणी ‘वेलकम’ म्हटलं नाही. आणि त्यामुळेच तो बघायला मजा आली. उन्हाळ्यात गाव पाहुण्यासाठी नटतं. हिवाळ्यात ते घरच्या कपड्यांत आपलं काम करत असतं, आणि आपण आलो म्हणून काम थांबवत नाही. अपमान वाटून घ्यायचा नसेल, तर बघण्यासारखं तेच असतं.

कॅम्परव्हॅनच्या स्वातंत्र्याचंही तसंच आहे. हॉटेल नको, वेळापत्रक नको, कोणाचे उपकार नकोत, म्हणून माणूस गाडी घेतो. पुढे त्याचा सगळा दिवस दुसऱ्याच्या नळाच्या, दुसऱ्याच्या गटाराच्या आणि दुसऱ्याच्या बेकरीच्या शोधात जातो. तो नळ कोणी तरी बसवलेला असतो, त्याच्या चावीची जबाबदारी कोणी तरी घेतलेली असते, आणि थंडीत अनोळखी माणसासाठी ती चावी घेऊन कोणी तरी यावं लागतं. आमच्या शंभर लिटर स्वातंत्र्याचा उगम त्या बिडाच्या झाकणाखाली होता.

तिथल्या सुंदर गावांची एक संघटना आहे. १९८२ साली कोलोंज-ला-रूज या लाल दगडांच्या गावाच्या महापौरांनी ती काढली. लोकसंख्या दोन हजारांच्या आत हवी, निदान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं हवीत, मग समिती येते, बघते आणि गावाच्या वेशीवर पाटी लागते. आम्ही यातली बरीच गावं जानेवारीत पाहिली. सुंदर आहेत, वादच नाही. पण टाकी रिकामी असली की सौंदर्याकडे मन लागत नाही. म्हणून ह्यांनी परतीच्या वाटेवर दुसरी संघटना काढायचं ठरवलं : जानेवारीत नळ चालू असलेली गावं. घटनेचा मसुदा तयार आहे. लोकसंख्येची अट नाही, पण चावीवाला माणूस एक तरी हवा. संरक्षित वास्तू नसल्या तरी चालतील, नळाचे आटे दोन्ही मापांचे हवेत. तळाच्या प्रवेशावर दांडा नको, असलाच तर तीन मीटरवर. चर्चच्या घड्याळाने रात्री एकदाच वाजवलं तर जादा गुण. अध्यक्षपद अर्थातच ह्यांच्याकडे, तपासणी समिती म्हणजे ते आणि त्यांची पिशवी. मला चिटणीस केलं आहे. सभासदत्वाची वर्गणी टोकनमध्येच घेतली जाईल. सोमवारी अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.